लाइन परदेशात हलली, तर कामगाराला सरकारकडून काय मिळते?

प्रश्न थोडक्यात असा: चाकण भागातल्या एका परदेशी मालकीच्या कंपनीत वायरिंग हार्नेसची, म्हणजे गाड्यांतल्या विजेच्या तारांचे जुडगे जोडण्याची, उत्पादन लाइन आहे. १९० परमनंट कामगार आणि जवळपास तितकेच ठेक्यावरचे. ही लाइन व्हिएतनामला हलवायचे ठरले आहे, गोदाम आणि थोडी जोडणी इथेच राहील. एचआरने प्रत्येकाला बोलावून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज हातात दिला आहे, आठ दिवसांची मुदत आहे आणि सहा लाखांचे पॅकेज आहे. प्रश्न विचारणाऱ्याची नोकरी १४ वर्षांची, बेसिक आणि डीए मिळून २६,००० रुपये. अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो की तिकडे काम परदेशी गेले तर सरकार कामगाराला वेगळी मदत देते. आपल्याकडे असे काही आहे का, आणि सही करावी का?

आधी तातडीचे बोलतो. सही केली नसेल तर या आठवड्यात करू नका. हिशेब कागदावर मागा. खाली जे सांगणार आहे ते सगळे एका गोष्टीवर अवलंबून आहे: तुमची नोकरी कशी संपली, याची कागदोपत्री नोंद काय होते. आपल्याकडचा कायदा काम व्हिएतनामला गेले की बाजूच्या गल्लीत, हे विचारत नाही. तुम्ही राजीनामा दिला, स्वेच्छानिवृत्ती घेतली, तुमची कपात (रिट्रेंचमेंट, म्हणजे जादा ठरवून कामावरून कमी करणे) झाली की कारखाना बंद झाला, एवढेच विचारतो. या चारांपैकी पहिल्या दोन दारांतून बाहेर पडलात, तर सरकारने ठेवलेली जवळपास प्रत्येक मदत मागे राहते. आणि एचआर तुम्हाला नेमके त्याच दारांकडे नेत असते.

तुमचा मावसभाऊ सांगतो ते खरे आहे, पण आता अर्धेच. अमेरिकेत ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स नावाची योजना १९६२ साली केनेडींच्या काळात आली. परदेशी व्यापार खुला केल्याने देशाला फायदा होणार असेल, तर त्याची किंमत चार गावांतल्या कामगारांनी एकट्याने का मोजायची, हा त्यामागचा विचार. सुरुवातीच्या अटी इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ च्या कायद्याने दार उघडले. पुढे २००२ आणि २००९ च्या बदलांनी उत्पादन परदेशी हलवल्याची प्रकरणे त्यात अधिक मोकळेपणाने येऊ लागली. मला त्यातली सर्वात आवडणारी तरतूद ही की फक्त तीन कामगार एकत्र येऊन अर्ज करू शकत. युनियन नसली तरी चाले, कंपनीची संमती लागत नसे. केंद्रीय कामगार खाते चौकशी करी, आणि मंजुरी मिळाली की त्या कारखान्यातून त्या कारणाने गेलेल्या सगळ्यांना लाभ खुला होई: प्रशिक्षणाची फी, प्रशिक्षण चालू असताना बेकारी भत्त्यानंतरही मिळणारे साप्ताहिक पैसे, दुसऱ्या गावी नोकरीसाठी जायचा खर्च. वय पन्नासच्या पुढे असेल आणि नवी नोकरी कमी पगाराची मिळाली, तर पगारातल्या फरकाचा निम्मा भाग दोन वर्षांपर्यंत, एकूण १०,००० डॉलरच्या मर्यादेत. इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग गावात मेटॅगचा फ्रिजचा कारखाना २००४ साली बंद झाला आणि काम मेक्सिकोतल्या रेनोसाला गेले, तेव्हा तिथले कामगार याच योजनेच्या आधाराने पुन्हा वर्गात जाऊन बसले होते.

पण १ जुलै २०२२ पासून त्या योजनेत नवे अर्ज मंजूर होणे थांबले. संसदेने मुदत वाढवली नाही. आधी मंजुरी मिळालेल्यांचे लाभ चालू राहिले, नव्याने नोकरी गेलेल्याला ते दार बंद आहे. युरोपात २००७ पासून अशाच कामासाठी एक निधी आहे. नोकियाने २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद करून काम रोमानियात नेले, तेव्हा तिथल्या कामगारांसाठी त्यातून पैसे आले.

आपल्याकडे अशी योजना नाही. कधीच नव्हती, असेही नाही. १९८६ मध्ये केंद्राने बंद पडलेल्या खासगी कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला होता: पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. २०१७ मध्ये तो ईएसआयसीच्या (कामगार राज्य विमा महामंडळाच्या) योजनेत विलीन झाला. १९९२ मध्ये उदारीकरणाबरोबर राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. बाजार खुला झाल्याने ज्यांचे काम जाईल त्यांना नवे कौशल्य देण्याची भाषा त्यात होती, पैसा मात्र मुख्यतः सरकारी कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्तीत गेला आणि २००० साली तो निधी गुंडाळला गेला. म्हणजे विचार आपल्याकडेही झाला होता, तो नेटाने चालवला नाही. गिरणगावात ज्यांनी हे जवळून पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता तुमचे प्रकरण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यानुसार ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपात किंवा बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागते. आधीच्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १०० होता. तुमचे १९० परमनंट धरले तर कंपनी म्हणणार, आम्हाला परवानगीची गरज नाही. ठेक्यावरचे धरले तर संख्या ३०० च्या वर जाते. ठेकेदाराची माणसे वर्षानुवर्षे त्याच लाइनवर, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली, तेच काम करत असतील, तर तो ठेका फक्त कागदावरचा आहे असा वाद युनियनने उभा करायला जागा आहे. तो वकिलाच्या सल्ल्याने आणि मशीन हलण्यापूर्वी करायचा असतो. परवानगी लागत असूनही न घेता कंपनी बंद केली, तर ते बंद करणे बेकायदा ठरते आणि कामगार जणू काही झालेच नाही अशा हिशेबाने पगाराला पात्र राहतात. आणखी एक सावधगिरी: कंपनीने परवानगीचा अर्ज केला आणि सरकारने ६० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर परवानगी मिळाली असे धरले जाते. म्हणून अर्ज झाल्याचा वास आला की युनियनने आपले म्हणणे लगेच लेखी दाखल करायचे. सुनावणीची वाट बघत बसायचे नाही.

तुमच्याकडे गोदाम आणि जोडणी चालू राहणार आहे. म्हणजे हा कारखाना बंद होत नाही, लाइन जाते आणि माणसे जादा ठरतात. हे कपातीचे प्रकरण आहे. कपातीत एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिचे वेतन, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. त्या त्या वर्गात सर्वात शेवटी आलेला सर्वात आधी जातो. ज्येष्ठता यादी लावावी लागते. क्रम मोडायचा तर कारण नोंदवावे लागते. एका वर्षाच्या आत कंपनीने पुन्हा भरती काढली तर कपात झालेल्यांना आधी बोलवायचे असते. गोदामात आणि जोडणीत जी कामे उरणार आहेत ती कोणाला मिळणार, हा प्रश्न याच नियमावर सुटतो. चौदा वर्षांच्या माणसाला घरी पाठवून तीन वर्षांच्या माणसाला गोदामात ठेवले, तर तुमचा हक्क डावलला गेला. पण तुम्ही ‘स्वेच्छेने’ गेला असाल, तर तो हक्क मागायला तुम्ही उरत नाही.

नव्या संहितेत एक तरतूद अशी आहे जी अमेरिकेतल्या प्रशिक्षणाच्या मदतीची लांबची नातेवाईक म्हणता येईल. तिचे नाव कामगार पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे शेवटचे वेतन या निधीत भरायचे आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. रक्कम फार लहान आहे. पंधरा दिवसांच्या पगारात हार्नेस जोडणारा माणूस काय नवे शिकणार, हा प्रश्न मी जिथे संधी मिळेल तिथे विचारतो. तरी ती हक्काची आहे. आणि लक्षात घ्या, ही फक्त कपातीत आहे. कारखाना बंद झाला किंवा तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर नाही.

आता सहा लाखांचे पॅकेज उघडून बघू. तुमचे वेतन २६,००० धरतो. ग्रॅच्युइटीचे गणित २६,००० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,००० रुपये. चौदा वर्षांचे २,१०,०००. ही तुम्हाला कुठल्याही मार्गाने गेलात तरी मिळणारच आहे, कंपनी ती भेट देत नाही. कपातीची भरपाई, १५ दिवस म्हणजे निम्मा महिना धरून, वर्षाला साधारण १३,०००, चौदा वर्षांची १,८२,०००. नोटिशीचे वेतन २६,०००. पुनर्कौशल्य निधीचे सुमारे १३,०००. बेरीज ४,३१,०००. समजा ४५ दिवसांची रजा शिल्लक आहे, तिचे ४५,००० धरले की ४,७६,००० झाले. हे कायद्याने आणि तुमच्या स्वतःच्या साठलेल्या रजेने येणारे पैसे. कंपनीच्या सहा लाखांत हे सगळे धरलेले असेल, तर तुमच्या ‘स्वेच्छे’ची किंमत त्यांनी १,२४,००० लावली आहे. पाच महिन्यांच्या वेतनाइतकीही नाही. सहा लाख ग्रॅच्युइटी आणि रजा सोडून असतील, तर गोष्ट वेगळी. म्हणून पहिला प्रश्न एवढाच विचारा: यात काय काय धरले आहे, ते ओळवार लिहून द्या. तोंडी उत्तर मिळाले तर त्याच दिवशी ईमेलवर तेच लिहून पाठवा, ‘आपण असे सांगितलेत’ म्हणून.

तुमच्या हातात दिलेला अर्ज नीट वाचा. अशा छापील अर्जात बहुतेक वेळा तीन वाक्ये असतात. ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने’ हे पहिले. ‘कोणत्याही दबावाविना’ हे दुसरे. आणि ‘यापुढे कंपनीविरुद्ध माझा कोणताही दावा राहणार नाही’ हे तिसरे. तारखेची जागा पुष्कळदा कोरी ठेवलेली असते. तारीख स्वतःच्या हाताने घालायची, ‘वैयक्तिक कारण’ खोडायला लावायचे, आणि लाइन हलवल्यामुळे ही योजना आली आहे असे अर्जात किंवा योजनेच्या पत्रात लिहून घ्यायचे. झेरॉक्स मिळाल्याशिवाय खोलीबाहेर पडायचे नाही. दबाव आणला गेला असेल तर चोवीस तासांच्या आत रजिस्टर पोस्टाने किंवा ईमेलने तसे कळवा. चार महिन्यांनी सांगितलेल्या दबावावर समेट अधिकारी (मालक-कामगार वादात मध्यस्थी करणारा सरकारी अधिकारी) विश्वास ठेवायला तयार होत नाही.

स्वेच्छानिवृत्ती नेहमीच वाईट असते, असे मी म्हणत नाही. वय ५४-५५, मुलांची शिक्षणे झालेली, गावी शेत किंवा स्वतःचा जोडधंदा, आणि पॅकेज कायदेशीर रकमेच्या दुपटीच्या पुढे असेल, तर मी स्वतः ‘घ्या’ म्हणून सांगितले आहे. त्या पैशावर अटी पूर्ण होत असतील तर पाच लाखांपर्यंत प्राप्तिकर लागत नाही. कपातीच्या भरपाईलाही तशीच पाच लाखांची मर्यादा आहे. पण तुमच्यासारख्या चाळिशीच्या आतबाहेरच्या माणसाने, घराचा हप्ता चालू असताना, सव्वा लाखासाठी सगळे हक्क सोडणे मला मान्य नाही.

आता सरकारी भत्त्याकडे येतो. इथे मला सर्वात जास्त राग येतो. ईएसआयसीकडे बेकारीसाठी दोन योजना आहेत. एक राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. कारखाना बंद झाल्याने किंवा कपातीने नोकरी गेली, तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता: पहिले वर्ष वेतनाच्या ५० टक्के, दुसरे वर्ष २५ टक्के, आणि त्या काळात कुटुंबाला ईएसआयसीचे औषधोपचार. वर्गणी किमान दोन वर्षांची हवी. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ ची. ९० दिवसांपर्यंत, दिवसाच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के, आयुष्यात एकदा. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की कामगार थेट दावा करू शकतो. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला दोन्ही नाहीत.

आणि ईएसआयसीची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे, जानेवारी २०१७ पासून तीच. तुमचा पगार ती ओलांडून गेला, म्हणजे तुम्ही बाहेर. आधीची वर्षानुवर्षे वर्गणी भरली असली तरी नोकरी जाते त्या दिवशी तुम्ही विमाधारक नसाल, तर हा भत्ता नाही. औद्योगिक पट्ट्यात परदेशी कंपन्यांचे जे परमनंट कामगार आहेत, ज्यांची कपात रीतसर होते, ज्यांच्या हातात नोटीस येते, ते बहुतेक या मर्यादेच्या वर आहेत. जे मर्यादेच्या आत आहेत ते ठेक्यावरचे, आणि त्यांना कोणी कपातीची नोटीस देत नाही, सोमवारी गेटवर नाव नसते एवढेच. एकाकडे कपातीचा कागद आहे पण विमा नाही. दुसऱ्याकडे विमा आहे पण कागद नाही. २४ महिन्यांचा भत्ता या दोघांच्या मधोमध पडून राहतो. ही मर्यादा वाढवणे, किंवा निदान बेकारीच्या भत्त्यापुरती ती काढून टाकणे, ही मागणी युनियनांनी पगारवाढीच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरायला हवी.

म्हणून तुमच्या ठेक्यावरच्या सोबत्यांसाठी एक काम करा. ठेकेदार दर महिन्याला ईएसआयसीच्या पोर्टलवर वर्गणी भरतो, तेव्हा ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारण निवडावे लागते. त्या यादीत ‘लेफ्ट सर्व्हिस’ हे एक कारण आहे आणि ‘रिट्रेंचमेंट’ हे दुसरे. ठेकेदाराचा कारकून सवयीने पहिले टिचकवतो. त्या एका टिचकीने माणूस आपणहून सोडून गेला असे दिसते. त्याला आधीच लेखी कळवा की काम बंद झाल्याने माणसे कमी होत आहेत, कारण तसेच नोंदवा. महिना १७,००० मिळवणाऱ्याला अटल योजनेत तीन महिन्यांचे मिळून सुमारे साडेपंचवीस हजार येतात. ज्या घरात भाडे, गॅस आणि शाळेची फी एकाच पगारातून जाते, तिथे ही रक्कम गावी परतायचे की चाकणमध्ये टिकून दुसरे काम शोधायचे, हे ठरवते. अटल योजनेची मुदत सरकार तुकड्यातुकड्याने वाढवत आले आहे, त्यामुळे दावा करताना शाखा कार्यालयात चौकशी करा. आधार आणि बँक खाते ईएसआयसीच्या नोंदीशी जुळलेले असू द्या. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने दावे अडतात.

पीएफबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयानुसार नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली बारा महिन्यांनी काढता येते. काढता येते म्हणून काढू नका. पेन्शनला मात्र हात लावू नका. तुमची सेवा दहा वर्षांच्या पुढे आहे, म्हणजे ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क पक्का आहे. स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठीच्या सेवेचा दाखला, घ्या आणि पुढच्या नोकरीत तेच खाते चालू ठेवा.

कंपनीचा मेडिक्लेम बंद होईल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशनकार्डावर सगळ्यांची नावे आहेत ना, हे नोकरी चालू असतानाच बघून घ्या. अनुभवाचा दाखला मागताना त्यात कुठल्या मशीनवर, कुठल्या तपासणीवर किती वर्षे काम केले हे लिहून घ्या. ‘ऑपरेटर’ एवढ्याच शब्दावर दुसरी कंपनी तुम्हाला नवशिक्याचा पगार देऊ करेल.

एकट्याने खोलीत जाऊ नका, हे शेवटी आणि जोर देऊन. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. तिथल्या कामगारांनी संघटित राहून प्रकरण कामगार खात्यापासून न्यायालयापर्यंत लढवले, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईबरोबर कारखान्याचा खरेदी करार झाला तोवर हा वाद चालूच होता. किती वर्षे लागतात आणि घरच्यांना काय सोसावे लागते, हे तिथल्या कुणालाही विचारा. पण एकेकट्याला बोलावून सह्या घेतल्या गेल्या असत्या, तर लढायला काही उरलेच नसते. तुमच्याकडे युनियन नसेल तर १९० पैकी जितके तयार असतील तितक्यांच्या सह्यांचे एकच पत्र कंपनीला आणि कामगार उपायुक्त कार्यालयाला द्या. त्यात तीन गोष्टी मागा: ओळवार हिशेब, ज्येष्ठता यादी, आणि लाइन हलवण्याबाबतचा लेखी निर्णय. पोहोच घ्या.

आणि सही आधीच झाली असेल, तर हताश होऊ नका. अर्ज कंपनीने मंजूर करण्याआधी मागे घेता येतो का, हे योजनेच्या अटींत बघून लगेच लेखी कळवा. कपातीच्या वादासाठी नव्या संहितेत मुदत दोन वर्षांची आहे, जुन्या कायद्यासारखी तीन नाही. समेट अधिकाऱ्याकडे जाताना नेमणुकीचे पत्र, मागच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, पीएफचे पासबुक, एचआरचे सगळे मेसेज आणि त्या छापील अर्जाची प्रत सोबत ठेवा. मेसेजचे स्क्रीनशॉट आजच काढून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. नोकरी संपली की कंपनीचा ग्रुप आणि कंपनीचा ईमेल त्याच संध्याकाळी बंद होतो.